जमिनीवरून दिसणारी भेग

खारूला खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता फक्त बँकेत आणि दवाखान्यात भेटतात. बाकी सगळ्या जगाला तो खारूच. लहानपणी शेजारणीची मांजर पत्र्यावर अडकून ओरडत होती, तेव्हा हा पठ्ठ्या पाण्याचा पाइप धरून सरसर वर गेला आणि मांजर काखोटीला मारून खाली आला. गाल बोचकारलेला, शर्ट फाटलेला, आणि चेहऱ्यावर भाव असा की आता कोणीतरी बक्षीस देईल. बक्षीस कोणी दिलं नाही, पण शेजारीण कौतुकानं ‘आमची खारूताई’ म्हणाली, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मिसरूड फुटल्यावर त्यातली ताई गळून गेली, एवढाच काय तो फरक. आता पन्नाशी उलटली, पोट सुटलं, गुडघे जिना बघूनच कुरकुरायला लागतात, पण नाव तसंच आहे, आणि ते विनोदी आहे हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही.

पोटापाण्याचं कामही त्याला नावासारखंच मिळालं. इमारतींची डागडुजी करणारी एक छोटी कंपनी आहे. डागडुजीच्या आधी बाहेरच्या भिंती तपासाव्या लागतात, ते काम खारूचं. अंगाला पट्टे बांधायचे, गच्चीवरच्या लोखंडी कडीतून ओवलेल्या दोरीला लटकायचं आणि भिंतीवरून सावकाश खाली सरकत लाकडी हातोडीनं गिलावा ठोकत यायचं. गिलावा भरीव असला तर ठक्क वाजतो, आतून सुटलेला असला तर डब्ब. कुठं भेग दिसली, कुठं गंजकी सळई डोकावली, की तिचा फोटो काढायचा. ते फोटो मालकीणबाई गिऱ्हाइकाला दाखवतात, गिऱ्हाइकाच्या तोंडचं पाणी पळतं आणि कामाला मंजुरी मिळते.

दोरीचं दुसरं टोक खाली जमिनीवर खुंट्याच्या हातात असतं. खुंट्यालाही आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असणार, पण तो बुटका, रुंद, मानेचा पत्ता नसलेला गडी दोरी धरून पाय रोवून उभा राहिला की दुसरं काही सुचतच नाही. खारू वर, खुंटा खाली, अशी त्यांची अर्धी हयात गेली. भांडण असं कधी झालं नाही, कारण भांडायला बोलावं लागतं आणि खुंटा मोजकंच बोलतो.

मागच्या हिवाळ्यात एका गोदामाच्या उंच भिंतीवर काम चालू होतं. खारू कठड्याखालच्या अरुंद पट्टीवर पाय टेकून एका भेगेचा फोटो काढत होता. वारा नव्हता. पाय घसरला नाही, पाखरू अंगावर आलं नाही. काहीच झालं नाही, आणि तेच वाईट होतं. कॅमेऱ्यात बघता बघता भिंत हळूच एका बाजूला सरकली. त्यानं डोळा काढून खाली पाहिलं, तर जमीन जवळ आली आणि परत लांब गेली. कोणीतरी नळ सोडावा तसं हातापायांतलं बळ निघून गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खारूनं पाइप धरला तो चढण्यासाठी नव्हे, मिठी मारण्यासाठी. मिठीला दोन्ही हात लागतात. कॅमेरा गेला खाली आणि खुंट्याच्या पायाशी फुटला.

“कॅमेऱ्याचा पट्टा तुटला,” खाली आल्यावर खारू म्हणाला.

खुंट्यानं फुटक्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, खारूकडे पाहिलं, आणि नुसतं “हं” करून दोरी गुंडाळायला घेतली.

घरी आल्यावर खारूच्या ध्यानात आलं की पट्टा तर शाबूत आहे. गळ्याला काचतो म्हणून तो गळ्यात न घालता नुसता लोंबत ठेवायची त्याला सवय होती. आता खोटं बोललोच आहोत तर नीट तरी बोलावं, म्हणून त्यानं बायकोची कात्री घेतली. बायको कपड्यांची दुरुस्ती करते. उसवलेलं शिवते, चेन बदलते, सैल ते घट्ट करून देते. तिची कात्री म्हणजे फक्त कापडाची, त्या कात्रीनं कोणी साधा कागद कापला तरी घरात आठवडाभर तोंड फुगलेलं असतं. त्या कात्रीनं या शहाण्यानं नायलॉनचा जाड पट्टा करकर कापला, कात्री जागच्या जागी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तो पुरावा मालकीणबाईंच्या टेबलावर मांडला.

“हल्ली पट्टेसुद्धा धड मिळत नाहीत,” बाई म्हणाल्या. ही कंपनी त्यांच्या वडिलांची, वडिलांच्या मागं त्या सांभाळतात, आणि खारूला त्या लहान होत्या तेव्हापासून ओळखतात. “नवीन कॅमेरा घ्या. कुठला ते तुम्हीच ठरवा, वापरायचा तुम्हाला आहे. पण एकच घ्यायचाय, आणि जरा दिसायला मोठा घ्या. गिऱ्हाइकासमोर चिमुकला डबा काढला की त्याला वाटतं, हे सहलीला आलेत.”

खारू मान डोलावून बाहेर आला. त्या दिवसापासून तो भिंतीवर जायचा तो जीव मुठीत धरून. कधी गुडघा दुखतोय, कधी भिंत ओली आहे, कधी वारा सुटलाय, अशी कारणं काढून तो खालच्या मजल्यांवरच रेंगाळायचा. ज्या दिवशी वर जावंच लागे, त्याच्या आदल्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. सांगणार कोणाला? कंपनी एवढीशी. तिथं खुर्चीत बसायचं काम एकच, आणि त्या खुर्चीत बाई बसतात. झाडाला घाबरणारी खार कोण पाळेल? बाई चार गोड शब्द बोलतील आणि घरी पाठवतील. मग गल्लीत येणारा जाणारा विचारणार, का रे खारू, घरी कसा? या विचारानंच त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नवीन कॅमेऱ्याची खरेदीही त्यानं काही महिने लांबवली आणि फोनवरच भागवलं. शेवटी बाईंनी तगादा लावला, आणि ते कळल्यावर पहिला धावत आला तो मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, लग्नाचे फोटो काढतो, स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे, आणि कॅमेरा हा विषय निघाला की त्याच्या अंगात येतं. येताना तो आपला जुना डीएसएलआर गळ्यात अडकवूनच आला.

“भाऊजी, घ्यायचा तर असा घ्या,” तो म्हणाला. “सुरुवातीचाच आहे, फार भारी नाही, पण खरा कॅमेरा आहे हा. उजेड टिपणारा सेन्सर केवढा मोठा आहे माहितीय? अंधारातसुद्धा फोटो स्वच्छ. लेन्स बदलता येते. आणि मागचं कसं लोण्यासारखं धूसर होतं.”

“मागचं म्हणजे?”

“माणसाच्या मागची भिंत वगैरे.”

“मला त्या भिंतीचाच फोटो हवा असतो रे,” खारू म्हणाला. “माणूस नसतोच तिथं.”

मेहुणा थोडा अडखळला, पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हे. खारूनं खिडकीतून समोरच्या इमारतीकडे कॅमेरा रोखला. चित्र खरोखर देखणं होतं, एकेक रंग उठून दिसत होता. पण वरच्या मजल्याखालची भेग त्याला माहीत होती, कारण ती रोज नुसत्या डोळ्यांनाही दिसायची. कॅमेऱ्यात ती केसाएवढीच राहिली.

“जवळचं दिसत नाही का यात?”

“त्याला लांबची लेन्स वेगळी घ्यावी लागते. ती चांगली हातभर असते. पण तुम्हाला कशाला? तुम्ही तर भिंतीला नाक लावून फोटो काढता. तुमच्यासारख्या माणसाला झूम म्हणजे माशाला होडी.”

खारू हसला. हसावंच लागलं. बायको कोपऱ्यात कोणाच्या तरी पँटला चेन बसवत होती. दोरा दातांनी तोडत ती भावाला म्हणाली, “काय रे, कात्रीनं कापला जाणार नाही असा पट्टा मिळतो का याला?”

खारूच्या घशात चहा अडकला आणि तो इतका खोकला की मेहुण्यानं उठून त्याची पाठ चोळली. बायकोनं मान वर केली नाही. ज्या बाईचा दिवस कापलेलं आणि फाटलेलं ओळखण्यात जातो, तिच्या डोळ्यांसमोरून आपण कापलेला पट्टा फाटलेला म्हणून नेला, हे खारूला त्या क्षणी कळलं. पण विचारायची याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा त्याला आपल्या ओळखीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार मेहुण्याचा जुना मित्र. त्यानं डीएसएलआर काढून ठेवले, मेहुणा एकेक उचलून खारूच्या कानाशी बटण दाबून आवाज ऐकवत राहिला, जणू तो टरबूज घ्यायला आलाय. खारूचं लक्ष शेजारच्या कपाटात गेलं. तिथं एक मधल्याच आकाराचा, पुढं नाक काढलेला कॅमेरा होता.

“तो कुठला?”

“तो सुपरझूम,” दुकानदार म्हणाला. “लेन्स एकच, कायमची बसवलेली, पण लांबचं फार जवळ आणतो. पक्षी बघणारे नेतात. बघा.”

“ते खेळणं आहे, भाऊजी,” मेहुणा कुजबुजला. “आत सेन्सर नखाएवढा असतो. जरा उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखं दिसतं.”

खारूनं कॅमेरा घेतला आणि दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर रोखला. बोटानं कळ सरकवली. लेन्स घुर्रर करत पुढं आली आणि टाकी त्याच्याकडे चालत आली. आधी शिडी, मग टाकीचा काठ, मग काठाखालचा ओलसर काळा डाग, आणि त्या डागातून खाली उतरणारी एक बारीक, वाकडी भेग. भेगेच्या तोंडाशी गंजाचा लाल ओघळ. म्हणजे आत सळई सुटली होती. हे कळायला एरवी त्याला पट्टे बांधून, शिडी चढून, घामानं निथळत वर जावं लागलं असतं. आणि तो उभा होता दुकानाच्या पायपुसण्यावर.

त्याला एकदम रडू यायला लागलं. इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं असं वाटलं. त्यानं डोळा कॅमेऱ्याला चिकटवूनच ठेवला, म्हणजे कोणाला दिसायला नको.

“आवडला वाटतं,” दुकानदार म्हणाला.

“हलका आहे,” खारू म्हणाला. दुसरं काय सांगणार?

मेहुण्यानं रस्ताभर तोंड पाडलं होतं. माझ्या मित्राच्या दुकानात माझे भाऊजी खेळणं घेणार, लोक काय म्हणतील, असं त्याचं चाललं होतं. त्यानं ते थेट मालकीणबाईंना फोन करूनच सांगितलं. बाईंनी दोघांचं ऐकून सरळ तोडगा काढला. “एका शाळेच्या इमारतीचं काम आलंच आहे. दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी मागून घ्या. छोट्यानं खालून फोटो काढा, मोठ्यानं वर जाऊन काढा. एकाच भिंतीचे. मग टेबलावर ठेवून बघू.”

खारूचा आनंद तिथंच विरला. वरून काढलेला फोटोच सरस येणार, हे त्याला ठाऊक होतं. तो सरस आला की मोठा कॅमेरा येणार, आणि मोठा कॅमेरा आला की निवृत्त होईपर्यंत भिंतीवर लटकणं आलं. तेवढी वर्षं आपल्या हातून निभावणार नाहीत, एक दिवस हात पाइपापर्यंत पोचायचा नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं. न जावं तर बिंग फुटणार. इकडे आड तिकडे विहीर अशी गत झाली.

शाळेला सुट्टी होती. मैदान रिकामं, झोक्याच्या साखळ्या लोंबत होत्या. खारूनं आधी सुपरझूम काढला. हातात धरून पूर्ण झूम केला की चित्र भूकंप झाल्यासारखं हलायचं, मेहुण्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मग त्यानं कुंपणाच्या भिंतीवर आपली टोपी ठेवली, टोपीवर कॅमेरा टेकवला आणि श्वास धरून कळ दाबली. सकाळची वेळ, हवा स्वच्छ, ऊन तिरपं. तिरप्या उन्हात भेगेची सावली पडते, त्यामुळं ती ठसठशीत दिसते. वरच्या मजल्याच्या खिडक्यांखाली त्याला लागोपाठ भेगा सापडल्या. एका ठिकाणी गिलाव्याचा पापुद्रा सुटून लोंबत होता, तोही मिळाला. सज्ज्याखालच्या सावलीत मात्र सगळं रवाळ आलं.

खुंटा इतका वेळ दोरीच्या वेटोळ्यावर बसून त्याच्याकडे बघत होता. आता तो उठला. खारूनं पट्टे चढवले, डीएसएलआर गळ्यात घातला, काचला तरी घातला. खुंटा नेहमीसारखा एकेक कडी ओढून तपासत होता. छातीवरच्या कडीपाशी त्याचा हात थांबला.

“नको जाऊस,” तो म्हणाला.

“का? कडी सैल आहे?”

“कडी ठीक आहे. तू ठीक नाहीस.”

“मला काय झालंय?”

“दोरी माझ्या हातात असते ना रे,” खुंटा म्हणाला. “आधी तू वर असलास की दोरी अशी निवांत असायची. त्या गोदामापासून ती थरथरते. आधी मला वाटलं, माझेच हात कापतायत. डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, तुम्हाला काही झालेलं नाही.”

खुंट्याच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात त्यानं कधी ऐकली नव्हती. नाही म्हणावं असं एकदा मनात आलं, पण ज्याच्या हातात आपला थरकाप रोज जात होता त्याच्याशी खोटं कसं बोलणार?

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“तू ‘पट्टा तुटला’ म्हणालास. मला वाटलं, तुला सांगायचं नाहीये. पण तू वर गेलास की माझं पाणी पाणी होतं. रोज वाटतं, आज हा पडणार आणि मी खाली बघत राहणार.”

खारू खाली, मातीतच बसला, पट्ट्यांसकट. “मला भीती वाटते रे,” तो म्हणाला. कोणासमोर तरी बोललेलं हे पहिलंच वाक्य, आणि ते बोलल्यावर आभाळ कोसळलं नाही. खुंट्यानं फक्त त्याच्या खांद्यावरून पट्टे उतरवले आणि स्वतःच्या अंगावर चढवायला लागला.

“हे काय करतोयस?”

“जातो वर. शिकलोय की मीपण, तुझ्याबरोबरच शिकलो. आणि खरं सांगू? इतकी वर्षं वर बघितलं की मला फक्त तुझे बूट दिसतात. वरून कसं दिसतं ते मला एकदा तरी बघायचंच होतं. पण तू खारू. तुझ्या जागेवर मी कसा जायचं म्हणू?”

खुंटा वर गेला तो घोड्यावर बसलेल्या पोरासारखा. दोरी धरून खाली उभ्या राहिलेल्या खारूला पहिल्यांदाच कळलं की हेही काम सोपं नाही, मान अवघडते आणि काळजी वाटते. पण पाय जमिनीवर होते, आणि ते कुठं जाणार नव्हते. त्यानं ओरडून सांगितलं, “डावीकडे, खिडकीखाली ठोक.” वरून डब्ब असा आवाज आला, आणि पाठोपाठ खुंट्याचं हसणं. खुंटा हसतो कसा हे खारूलाही त्या दिवशीच समजलं.

दुपारी दोघं फोटो घेऊन मालकीणबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. मेहुणाही निकाल ऐकायला हजर होता. खुंट्यानं डीएसएलआरनं काढलेल्या फोटोंत पहिले कित्येक त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचे होते, मागची भिंत मात्र लोण्यासारखी धूसर. मेहुण्यानं ते घाईघाईनं पुढं सरकवले. पण मग एक फोटो असा आला की सगळे टेबलावर वाकले. सज्ज्याखालच्या सावलीतली भेग, तिच्या आतला गंज, सुटलेली वाळू, सगळं हात लावून बघावं इतकं स्पष्ट. तीच जागा छोट्या कॅमेऱ्यात रवाळ करडी दिसत होती.

“मग प्रश्नच मिटला,” बाई म्हणाल्या. “मोठाच घेऊ.”

मेहुण्यानं विजयी मुद्रेनं भाऊजींकडे पाहिलं. खारूनं रात्री पाठ करून ठेवलेली कारणं काढली. छोटा हलका आहे. लेन्स बदलावी लागत नाही, धूळ आत जात नाही. बॅटरी... बाई एकेक कारण ऐकत होत्या आणि एकेक बाजूला ठेवत होत्या. बॅटरी तर मोठ्याचीच जास्त चालते, असं मेहुण्यानं मध्येच सांगून टाकलं. कारणं संपली. खारूनं खुंट्याकडे पाहिलं. खुंटा छताकडे बघत होता.

“बाई,” खारू म्हणाला, “मला वर जायची भीती वाटते. मागच्या हिवाळ्यापासून. पट्टा तुटला नव्हता, माझ्या हातून कॅमेरा सुटला. छोट्या कॅमेऱ्यानं मला खालून दिसतं. म्हणून मला तो हवाय. बाकीचं सगळं मी उगाच सांगत होतो.”

मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं होतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मग हे आधी सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “मी आपली सेन्सर आणि लेन्स घेऊन बसलेय. वर जाऊन ठोकणार कोण मग?”

“मी,” खुंटा म्हणाला.

“आणि दोरी?”

“मी,” खारू म्हणाला. “आधी खालून सगळी भिंत बघून ठेवीन. संशयाची जागा असेल तिथंच त्याला पाठवायचं. सगळी भिंत उतरायची गरजच नाही.”

“म्हणजे काम लवकर उरकेल,” बाई म्हणाल्या. “घ्या मग तो छोटा. सावलीतल्या जागांचे फोटो हा वर जाईल तेव्हा टॉर्चचा उजेड मारून काढेल, तेवढ्यासाठी फोनसुद्धा पुरे.” आणि चष्मा परत घालता घालता म्हणाल्या, “खरं सांगू का, तुम्ही कठड्यावर उभं राहून डबा खायचात ना, तेव्हा मला तुमची जास्त काळजी वाटायची.”

बस, एवढंच. टेबलावरचा चहा निवायच्या आत सगळं ठरलंसुद्धा. खारूचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी त्याला थोडासा रागही आला. एवढं मोठं ओझं महिनोन्महिने छातीवर वागवलं, घास उतरला नाही, झोप उडाली, आणि समोरच्या माणसानं ते असं सहज काढून बाजूला ठेवलं. थोडंतरी दचकायचं. पण हा राग दाराबाहेर पडेपर्यंतच टिकला. जिन्यावर तो हसायला लागला, आणि मेहुणा काळजीनं विचारत राहिला की भाऊजी, तुम्हाला चक्कर तर येत नाहीये ना. दुकानात जाऊन सुपरझूम घेतला, तेव्हा तो न हलता टेकवायला मजबूत ट्रायपॉड मेहुण्यानंच निवडून दिला आणि मित्राला बजावलं, “व्यवसायासाठी घेतायत, बरं का.”

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको मशीनवर बसली होती. खारूनं कॅमेऱ्याचा खोका तिच्या कपड्यांच्या ढिगाजवळ ठेवला.

“बाईंना सांगून टाकलं मी,” तो म्हणाला. “वर जायची भीती वाटते म्हणून. आता मी खालीच असणार. नेहमीसाठी.”

मशीन थांबलं. बायकोनं सुईखालचं कापड सोडवून घडी करून बाजूला ठेवलं. काम अर्धवट टाकून ती उठलेली खारूनं कधी पाहिली नव्हती. ती येऊन त्याच्या शेजारी बसली.

“ते गोदाम किती उंच होतं हो?” तिनं विचारलं.

खारू चमकला. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्या कामाबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. सुरुवातीला तो उत्साहानं सांगायला जायचा, तर ती उठून भांडी आवरायला लागायची. हिला आपल्या कामात काही रस नाही, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मनाला लागलं होतं ते, पण पुढं त्यानं सांगणंच सोडलं.

“आज कसं काय विचारतेस?”

“आधी विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतं,” ती म्हणाली. “मग दुसऱ्या दिवशी सुईत दोरासुद्धा ओवता आला नसता मला. आता विचारते. गोदाम राहू द्या, पहिल्यापासून सांगा. सगळ्या इमारती.”

खारूनं सांगायला सुरुवात केली. पहिली ती गिरणीची चिमणी, तिच्यावर मधमाश्या मागं लागल्या होत्या. मग तो घड्याळाचा मनोरा, घड्याळाचा काटा याच्या पाठीला टेकला होता. मग ते रुग्णालय, तिथं खिडकीतून एका आजीबाईंनी याला औषध देणारा समजून हात पुढं केला होता. बायको ऐकता ऐकता त्याचा दंड घट्ट धरत होती, जणू तो अजून तिथंच लटकतोय. प्रत्येक गोष्ट ऐन रंगात आली की ती श्वास रोखून विचारायची.

“आणि मग?”

“मग खाली आलो,” खारू म्हणायचा, आणि ती हात सैल सोडून म्हणायची, “हं. आता पुढची.”